रॅम घेताना जास्त जीबी बघायची की चांगल्या प्रतीची? अल्बम डिझाइनसाठी सल्ला हवाय

स्टुडिओवाला
नमस्कार मंडळी. कऱ्हाडात माझा फोटो स्टुडिओ आहे, लग्नाचे अल्बम स्वतः डिझाइन करतो आणि आता सोबत हायलाइट व्हिडिओपण एडिट करून देतोय. मशीन रायझन ५ ५६००जी, बोर्ड बी४५० चा आणि त्यात रॅमला दोनच स्लॉट, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, एसएसडी ५०० जीबी, एनव्हीएमई म्हणजे फास्ट प्रकारातली. रॅम सध्या ८ जीबीची एकच स्टिक आहे, २६६६ ची. मोठी पीएसडी (फोटोशॉपची फाइल) उघडली की मशीन असं गपगार होतं की माउस हलवला तरी बाण हलत नाही, सीझन चालू आहे आणि पार्टी रोज फोन करते अल्बम कधी मिळणार म्हणून.

दुकानदाराने दोन पर्याय दिलेत, दोन्हीचे पैसे जवळजवळ सारखेच होतात. एक, १६ च्या दोन स्टिक म्हणजे ३२ जीबी, ३२०० स्पीड सीएल२२, ब्रँडचं नाव मी तरी कधी ऐकलेलं नाही. दोन, ८ च्या दोन म्हणजे १६ जीबी, ३६०० स्पीड सीएल१६, नामांकित कंपनीची, वर हीटसिंक आणि लायटिंग. दुकानदार म्हणतो दुसरीच घ्या, क्वालिटी ती क्वालिटी. माझा भाऊ म्हणतो ३२ सोडू नको. दोघांचंही पटतंय म्हणून इथे विचारतोय. रॅमचे भाव एवढे वाढलेत की एकदा घेतली की पुढची दोन वर्षं परत हात लावायचा नाही असं ठरवलंय.

फ्रेमरेट
दुसरा पर्याय. रायझनला फास्ट रॅम मानवते, प्रोसेसरच्या आतला जो इन्फिनिटी फॅब्रिक म्हणतात तो रॅमच्या क्लॉकबरोबर चालतो, म्हणजे ३२०० ला १६०० आणि ३६०० ला १८०० वर, त्यामुळे नुसती रॅम नाही तर प्रोसेसरचं आतलं दळणवळणच फास्ट होतं. शिवाय तुमच्याकडे ग्राफिक्स कार्ड नाही म्हणजे ग्राफिक्सपण याच रॅममधून चालणार. १६ जीबी आजच्या घडीला भरपूर आहे, माझं सगळं गेमिंग त्यातच होतं.

नीलांबरी
फ्रेमरेट, गेमिंगचं वेगळं आणि अल्बमचं वेगळं. मी कितीतरी वर्षं डीटीपी आणि अल्बमचंच काम करते म्हणून सांगते. आपल्याकडे करिझ्मा अल्बमचं शीट १२ बाय ३६ इंचाचं असतं. ३०० डीपीआयला ते ३६०० गुणिले १०८०० पिक्सेल म्हणजे जवळजवळ ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. आठ बिट आरजीबीत एका पिक्सेलला तीन बाइट, म्हणजे नुसता एक भरलेला बॅकग्राउंड लेयर ११७ एमबी, आणि पारदर्शक भाग असलेला पूर्ण शीटभर लेयर असेल तर दीडशेच्या वर. आता त्यावर फुलांचं टेक्स्चर, सोनेरी किनार, नवरानवरीचा मोठा ब्लेंड केलेला फोटो, सावल्या, मास्क. मग हिस्टरी, तुम्ही मागे जायच्या जेवढ्या स्टेप ठेवल्यात त्यांचा डेटा वेगळा. अशी दोन-तीन शीट एकदम उघडी असतात कारण एका शीटवरचं डिझाइन दुसऱ्यावर ओढायचं असतं. हे १६ मध्ये बसत नाही हो.

स्टुडिओवाले, एक करा. फोटोशॉपमध्ये खाली डाव्या हाताला फाइलची साइज दिसते ना, तिच्या शेजारच्या बाणावर क्लिक करून एफिशियन्सी निवडा. काम ऐन रंगात असताना तो आकडा १०० टक्के असला तर रॅम पुरतेय. खाली घसरला की समजा फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर (रॅम संपली की डिस्कची उसनी घेतलेली जागा) लिहायला लागलं, आणि तेच तुमचं गपगार होणं.

ट्रान्झिस्टर
नीलांबरीताईंना अनुमोदन. "सीएल१६ फास्ट आणि सीएल२२ स्लो" असं सरसकट बोललं जातं ते जरा आकड्यात मांडतो. सीएल म्हणजे रॅमला डेटा मागितल्यापासून तो यायला लागेपर्यंत किती क्लॉक जातात ते. पण क्लॉकच वेगवेगळ्या लांबीचे असतात त्यामुळे नुसता सीएल बघून काही कळत नाही, नॅनोसेकंद काढायचे. सीएलला २००० ने गुणायचं आणि स्पीडने भागायचं. ३२०० सीएल२२ म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद. ३६०० सीएल१६ म्हणजे ८.८९. गंमत बघा, जुन्या डीडीआर३ मधली १६०० सीएल११ काढली तरी १३.७५ च येतात. डीडीआर५ ४८०० सीएल४० म्हणजे १६.६७, नवीन असूनही या बाबतीत हळू, पण ती एकाच वेळी डेटा कितीतरी जास्त वाहते म्हणून एकूण पुढे जाते.

तर तुमच्या दोन पर्यायांत या बाबतीत फरक आहे पाच नॅनोसेकंदांचा. प्रत्यक्षात प्रोसेसरकडून रॅमपर्यंत जाऊन यायला सगळं धरून ऐंशी-नव्वद नॅनोसेकंद लागतात, त्यातले पाच वाचतील. आणि रॅम संपून विंडोजला एसएसडीकडे जावं लागलं तर चांगल्या एनव्हीएमईलाही पन्नास ते शंभर मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे साधारण हजार पट. हार्ड डिस्क असेल तर लाख पट. म्हणून काम जेवढं मागतंय तेवढी रॅम आधी असायलाच हवी, त्याच्या आत स्पीडची चर्चा करण्यात अर्थ नाही. पण त्याच्या वर नुसती रॅम वाढवून मात्र काहीच मिळत नाही, २० लागत असताना ६४ टाकली तर ४४ रिकामी बसून राहणार.

म्हणून मोजा. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी. "इन यूज" बघू नका, तो बिचारा आहे त्या ८ च्या वर जाऊच शकत नाही. खाली "कमिटेड" म्हणून दोन आकडे असतात, मध्ये तिरकी रेघ. त्यातला पहिला आकडा, अगदी जड काम चालू असताना, इथे लिहा.

स्टुडिओवाला
ताई, दादा, दोघांचे आभार. काल एका मोठ्या लग्नाचं शीट घेऊन बसलो तेव्हा बघून ठेवलं. तीन पीएसडी उघड्या, ब्रिज (फोटो बघायचा ॲडोबीचा प्रोग्रॅम), क्रोममध्ये पाच-सहा टॅब, व्हॉट्सॲप. कमिटेड १९.६/२३.८ जीबी. एफिशियन्सी ६१ टक्के. व्हिडिओचं काम फोटोशॉप बंद करूनच करतो, डाविंची रिझॉल्व्ह वापरतो, तेव्हा १४ च्या आसपास असतं.

नीलांबरी
६१! कसं काम करताय तुम्ही देव जाणे. १६ घेतली तरी हे काम बसणार नाही, मग ती ३६०० असो नाहीतर ६०००.

ट्रान्झिस्टर
बरोबर. कमिटेडमध्ये थोडा भाग असा असतो की प्रोग्रॅमने मागून ठेवलाय पण वापरला नाही, तरी १९.६ म्हणजे १६ चा पर्याय बाद. रिझॉल्व्हसाठीपण ते बनवणारी ब्लॅकमॅजिक कंपनीच सांगते की १६ जीबी आणि त्यातला इफेक्ट्सचा फ्यूजन भाग वापरणार असाल तर ३२.

फ्रेमरेट
मोजमाप बघून मलापण पटलं, या कामाला १६ नको. पण गेमिंगवाले कोणी वाचत असतील त्यांच्यासाठी लिहून ठेवतो, कारण तिथे गणित खरंच वेगळं आहे. बहुतेक गेम १६ मध्ये बसतात, काही नवीन गेमना ३२ बरी पडते, त्याच्या वर काही उपयोग नाही. आणि गेममध्ये प्रोसेसर सतत रॅममध्ये इकडेतिकडे किरकोळ डेटा शोधत असतो त्यामुळे लेटन्सी (मागितलेला डेटा यायला लागणारा वेळ) महत्त्वाची ठरते, ती कमी असली की सरासरी फ्रेमरेटपेक्षा मधेच जो झटका बसतो तो कमी होतो. पण ५८००एक्स३डी सारखा ९६ एमबी एल३ कॅशवाला (कॅश म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच छोटी फास्ट मेमरी) प्रोसेसर असेल तर रॅमच्या स्पीडचा फरक खूपच कमी पडतो कारण बराचसा डेटा कॅशमध्येच सापडतो.

आणि सगळ्यांनी, कुठलंही काम असू दे, दोन स्टिक लावा. एकच स्टिक म्हणजे सिंगल चॅनल, प्रोसेसरपर्यंत डेटाचा एकच रस्ता. ३२०० ला एका चॅनलवर सेकंदाला २५.६ जीबी, दोनवर ५१.२. ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स त्याच रस्त्याने जातं, तिथे हा फरक डोळ्याला दिसतो.

आणि एक, ३६०० ची घेतली आणि बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या छापील स्पीडवर चालवायची सेटिंग) चालूच केलं नाही तर ती गुमान २१३३ नाहीतर २६६६ वर चालत बसते. माझ्या ओळखीत निम्म्या लोकांची अशीच चालली होती. टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर स्पीड लिहिलेला असतो, बघून घ्या.

लॅमिंग्टनकर
उशिरा आलो धाग्यावर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला रिपेअरिंगच्या धंद्यात केस पांढरे झाले, तेव्हा जरा सविस्तर लिहितो, कारण वरच्या सगळ्या चर्चेत क्वालिटी म्हणजे स्पीड असंच धरून चाललंय सगळे, आणि मला ते मान्य नाही.

रॅमची क्वालिटी म्हणजे तिने दिलेला बिट तसाच परत करणं. आज, उद्या, मे महिन्यात पंख्याखाली ४० डिग्रीत, आणि पाच वर्षांनी. बस. हीटसिंक, लायटिंग, ३६०० हे सगळं त्याच्या नंतर. डीडीआर४ चालते १.२ व्होल्टवर, एक्सएमपीला १.३५, एवढ्याला पत्रा लागतोच असं नाही, तो बऱ्याचदा शोभेला असतो आणि त्याच्याखाली चिप कुठली बसवलीय ते झाकायलापण कामी येतो.

जगात डीरॅमच्या चिप बनवणारे मोठे तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यांच्या मागे नान्या, विनबाँड, चीनची सीएक्सएमटी असे थोडे. बाकी तुम्ही जी दोनशे नावं बघता ती यांच्याकडून चिप घेऊन पट्टीवर बसवणारी. त्यामुळे अनोळखी ब्रँड म्हणजे वाईटच असं नाही, आणि महागडा ब्रँड म्हणजे आत सोनं आहे असंही नाही. फरक पडतो तो यात, की चिप टेस्टमध्ये पास झालेली घेतली का उतरलेली, नवीन घेतली का जुन्या सर्व्हरच्या पट्ट्यांवरून गरम हवेने काढून परत बसवली. शेवटचा प्रकार आपल्या बाजारात भरपूर आहे. ओळखायचं कसं? स्टिक उजेडात तिरकी धरा. चिपवरची अक्षरं लेझरने कोरलेली, बारीक पण स्वच्छ दिसली पाहिजेत. पृष्ठभाग घासल्यासारखा, एका चिपचा रंग दुसरीपेक्षा वेगळा, अक्षरं शाईने छापल्यासारखी पांढरी, कडेला सोल्डरिंगचा चिकट फ्लक्स राहिलेला, किंवा आठ चिपवर दोन वेगवेगळे कोड, यातलं एक जरी दिसलं तर परत करा. खालच्या सोनेरी दातांवर स्लॉटमध्ये घातल्याचे उभे ओरखडे असतील तर ती नवीन नाही, दुकानदार काही म्हणो.

मग लेबल वाचा. त्यावर १आर×८, २आर×८, १आर×१६ असं काहीतरी असतं, × च्या पुढचा आकडा म्हणजे एक चिप एका वेळी किती बिट देते ते. डीडीआर४ मध्ये ×८ च्या चिपला चार बँक ग्रुप म्हणजे आतले कप्पे असतात, ×१६ च्या चिपला दोनच. म्हणजे ८ जीबीच्या स्टिकवर चारच चिप दिसल्या तर ती ×१६ वाली, जीबी तेवढेच, स्पीड तोच छापलेला, पण कामात मागे पडते. दोन्ही स्टिक ३२०० सीएल२२ असून एक हळू का, याचं उत्तर बऱ्याचदा हे असतं. स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्रास हीच घालतात.

एका गिऱ्हाइकाचं सांगतो. फोटोग्राफरच होता, तुमच्यासारखा. त्याच्या मशीनला काहीच झालं नव्हतं, निळा स्क्रीन नाही, हँग नाही. फक्त कधीकधी जेपीईजी उघडली की अर्ध्या फोटोखाली राखाडी पट्टा नाहीतर रंग सरकलेले. त्याने कार्ड बदललं, कार्डरीडर बदलला, हार्ड डिस्क बदलली. निघाली रॅम. ८ जीबीतल्या एका पत्त्यावर एक बिट अडकलेला होता, फाइल कॉपी होताना त्या पत्त्यावरून गेली की बिघडायची, आणि बिघडलेलीच बॅकअपला पण जायची. लग्न झालेलं, परत फोटो कुठून आणणार? म्हणून मी म्हणतो स्टुडिओवाल्याने रॅमच्या जीबीतपण तडजोड करू नये आणि खात्रीतपण. तडजोड करायची तर मेगाहर्ट्झमध्ये करा.

ट्रान्झिस्टर
मामा, हा प्रतिसाद वेगळा काढून ठेवायला पाहिजे. शेवटच्या वाक्याला तर पूर्ण अनुमोदन.

हिशोबनीस
लॅमिंग्टनकरमामांनी बिट अडकल्याचं लिहिलं त्यावरून. आमच्या ऑफिसात अकाउंटिंगचा सर्व्हर आहे, बारा-पंधरा जण त्यावर एंट्र्या करतात, तिथे मी आग्रहाने ईसीसी रॅम घालून घेतली. ६४ बिटांमागे ८ जादा बिट असतात, एक बिट चुकला तर ती आपोआप दुरुस्त करते आणि दोन चुकले तर निदान बोंब मारते. साधी रॅम गप्प बसते आणि चुकीचा आकडा देते, हिशोबाच्या कामात याहून वाईट काय असणार.

लोकांना वाटतं हे पुस्तकी आहे. २००९ साली गूगलच्या सर्व्हरवरचा अभ्यास टोरांटो विद्यापीठाच्या प्राध्यापिकेबरोबर प्रसिद्ध झाला, त्यात एका वर्षात आठ टक्क्यांहून जास्त मॉड्यूलमध्ये एरर सापडल्या होत्या. आणि २००३ मध्ये बेल्जियममधल्या स्कारबेकला मतदान यंत्रातून एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त पडली, तिथे एकूण शक्य होती त्याहून जास्त म्हणून लक्षात आलं. ४०९६ म्हणजे दोनचा बारावा घात, बरोबर एक बिट पलटला की येणारा फरक. सॉफ्टवेअरमध्ये चूक काही सापडली नाही.

एक सावधगिरी, डीडीआर५ घेताना "हिच्यात ईसीसी असतंच" असं सांगतात. ते चिपच्या आतल्या आत असतं, चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर जे बिघडेल ते त्याला दिसत नाही. खरी ईसीसी वेगळी. आणि स्टुडिओवाले, तुमच्या ५६००जी मध्ये ईसीसी चालणार नाही, जी वाल्यांत त्यासाठी प्रो नावाचा प्रकार लागतो. तेव्हा तुम्ही मामा सांगतायत तशी रॅम तपासून घेणं हाच उपाय.

रेवाची आई
धागा वेगळा काढू का इथेच विचारू कळेना, विषय तोच आहे म्हणून इथेच. मुलीचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, नागपूरला. लॅपटॉप दोन बघितलेत. एक खूप हलका, सुंदर स्क्रीन, ८ जीबी एलपीडीडीआर५, दुकानातली मुलगी म्हणाली ही रॅम फार फास्ट असते. दुसरा जरा जाड, १६ जीबी साधी डीडीआर४. मुलीला अर्थातच पहिला आवडलाय.

ट्रान्झिस्टर
ताई, दुसरा. एलपीडीडीआर५ फास्ट असते हे खरं आहे, पण ती बोर्डवर सोल्डर केलेली असते, जन्मात वाढवता येत नाही. ८ जीबीतले विंडोज आणि ब्राउझर मिळून पाच-सहा खाणार, तिसऱ्या वर्षाला ती अँड्रॉइड स्टुडिओ नाहीतर मॅटलॅब उघडेल तेव्हा काय करणार? कंपन्यांनीपण हे ओळखलंय, ॲपलने ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरची सुरुवातच ८ वरून १६ वर नेली, त्याच किमतीत, आणि मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये कोपायलट प्लस पीसीसाठी (एआयची सोय असलेले विंडोजचे कॉम्प्युटर) कमीत कमी १६ ची अट घातली. हलकाच हवा असेल तर त्याच मॉडेलचं १६ वालं आहे का विचारा. आणि जाड वाल्यात १६ ही एका स्टिकमध्ये आहे की दोन, एखादा स्लॉट रिकामा आहे का, हे मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर बघा, दुकानात नीट सांगत नाहीत.

रेवाची आई
खूप आभार. मुलीला हा धागा वाचायला दिलाय, ती आता स्वतःच स्लॉट शोधत बसलीय.

मॉडेलवेडा
जीबी आणि स्पीड दोन्ही एकदम लागतात असं एक काम सांगतो, घरच्या मशीनवर भाषेचं मॉडेल चालवणं. मराठीतले जुने दस्त स्कॅन करून त्यांचा मजकूर नीटनेटका करायला मी हे वापरतो आणि पक्षकारांचे कागद बाहेर कुठे पाठवायचे नसल्यामुळे सगळं घरातच. ८०० कोटी पॅरामीटरचं (मॉडेलच्या आतले आकडे) मॉडेल चार बिटात बसवलं तर पावणेपाच जीबीच्या आसपास होतं. ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्रत्येक टोकनला (शब्दाच्या तुकड्याला) ते सगळं रॅममधून वाचावं लागतं, म्हणजे ५१.२ जीबीच्या रस्त्यावरून सेकंदाला दहा टोकन ही कमाल, प्रत्यक्षात त्याहून कमीच. सिंगल चॅनल असेल तर त्याच्या निम्मं. ७००० कोटीचं मॉडेल ४० जीबी मागतं, तेवढी रॅम नसेल तर ते उभंच राहत नाही. म्हणजे मॉडेल चालणार की नाही ते जीबी ठरवतात आणि कसं चालणार ते बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो ते. पण इथेसुद्धा आधी जीबीच.

म्युनिककर
रॅमच्या वाढलेल्या भावाबद्दल थोडं. इकडे जर्मनीतपण तीच परिस्थिती आहे, नुसतं आपल्याकडचे दुकानदार लुटतायत असं नाही. एआयच्या सर्व्हरना एचबीएम नावाची मेमरी लागते, तीही याच तीन कंपन्या बनवतात, त्याच कारखान्यांत, आणि तिच्यात नफा जास्त. त्यामुळे तुमच्याआमच्या रॅमला वाटा कमी आला, डीडीआर४ तर तशीही बंद करत आणलेली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने जाहीर केलं की क्रुशियल या ब्रँडचा ग्राहकांसाठीचा धंदा बंद करणार, माल फेब्रुवारी २०२६ पर्यंत पाठवणार, वॉरंटी मात्र सांभाळणार. क्रुशियलसारखी, स्वतःच्या चिप घालणारी, बिनशोभेची रॅम म्हणजे मामा म्हणतात तसली क्वालिटी होती, आणि नेमकी तीच चालली. दुकानात पडून असेल तर घेण्यासारखी आहे.

लॅमिंग्टनकर
खरंय. आणि भाव चढले की भंगार वर येतं हे मी आधीही बघितलंय. डीडीआर३ च्या काळात "फक्त एएमडीसाठी" म्हणून ८ जीबीच्या स्टिक निम्म्या भावात मिळायच्या, त्या ×४ चिपच्या असायच्या, इंटेलच्या साध्या बोर्डांना त्या झेपतच नाहीत. आमच्याकडे एच६१ आणि एच८१ या इंटेल बोर्डवाले सायबर कॅफे, झेरॉक्सवाले, सेतू केंद्रवाले त्या घेऊन यायचे, मशीन चालूच होईना म्हणून. आता परत तसलंच सगळं ऑनलाइन दिसायला लागलंय. जुनी रॅम घ्यायला माझी काही हरकत नाही, चांगल्या कंपनीच्या ऑफिस पीसीतून निघालेली जुनी स्टिक अनोळखी नव्या स्टिकपेक्षा मी कधीही घेईन, पण समोर टेस्ट करून.

ट्रान्झिस्टर
स्टुडिओवाले, तुमच्या केसमध्ये मला तिसराच पर्याय दिसतोय. तुम्हाला लागतात १९.६. आहेत ८. विश्वासू कंपनीची १६ ची एकच स्टिक घ्या, पैसे दोन्ही पर्यायांपेक्षा कमी जातील. १६ आणि ८ मिळून २४. पहिले १६ दोन्ही चॅनलवर विभागून चालतील आणि वरचे ८ एका चॅनलवर. जुनी २६६६ ची असल्यामुळे नवीनसुद्धा २६६६ वरच चालेल, तेवढा स्पीड गेला तर जाऊ दे. भाव उतरले की ८ काढून तीच दुसरी १६ टाका, स्लॉट वाया जात नाही. ८ च्या दोन घेतल्या असत्या तर दोन्ही स्लॉट भरले असते आणि पुढच्या वेळी दोन्ही काढून टाकाव्या लागल्या असत्या.

लॅमिंग्टनकर
हे उत्तम. फक्त दोन वेगवेगळ्या स्टिक एकत्र लावताय तेव्हा टेस्ट केल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या फाइलला हात लावू नका. आधी जुनी बाहेर काढून तिचे दात साध्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, चुरा ब्रशने झटका, मग लावा. मेमटेस्ट८६ प्लस (रॅम तपासायचा प्रोग्रॅम) पेनड्राइव्हवर टाका, २०२२ नंतरची आवृत्ती घ्या म्हणजे यूईएफआयवर (नव्या प्रकारच्या बायॉसवर) चालते, आणि रात्रभर सोडा. एक एरर आली तरी ती एकच आहे म्हणून सोडून द्यायची नाही. आली तर एकेक स्टिक वेगळी लावून बघा म्हणजे दोषी कोण ते कळेल. विंडोजची स्वतःची मेमरी टेस्ट झटपट होते पण मी तिच्यावर भरवसा ठेवत नाही.

स्टुडिओवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. पुण्याहून १६ ची एक मागवली, ३२०० सीएल२२, हिरवी साधी पट्टी, १आर×८, चिप आणि पट्टी एकाच कंपनीची. मामांनी सांगितलं तसं उजेडात धरून बघितली, आठही चिपवर एकच कोड, दात स्वच्छ. दुकानदाराला आधी जरा राग आला पण त्यालापण धागा दाखवला, तो म्हणाला माझ्याकडचीपण अशी तपासून देतो आता.

जुनी खोडरबरने पुसून लावली. मेमटेस्ट संध्याकाळी लावून गेलो, सकाळी एरर शून्य. आज तेच लग्नाचं शीट, त्याच तीन पीएसडी उघडल्या. एफिशियन्सी १०० टक्के, एकदाच जरा वेळ ९७ झाली. कमिटेड २१ वर आहे पण मशीन अडकत नाही. स्पीड २६६६ दाखवतंय आणि मला त्याने काही फरक जाणवत नाही. फ्रेमरेटभाऊ, ग्राफिक्सपण सुधारलंय बरं का, रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइन आता तुटत नाही.

फ्रेमरेट
मस्त! ते ड्युअल चॅनलमुळे.

नीलांबरी
छान झालं. आता फोटोशॉपच्या प्रेफरन्सेस, परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीचा स्लायडर बघा, सत्तर टक्क्यांच्या आसपास ठेवा, सगळी त्यालाच देऊ नका कारण ब्राउझर आणि विंडोजलापण लागते. आणि हिस्टरी स्टेट पन्नासच्या वर नको, जुन्या मशीनवर तर वीसच पुरे.

स्टुडिओवाला
केलं ताई. हिस्टरी १०० होती, ४० केली.

लॅमिंग्टनकर
दुसरी १६ घ्याल तेव्हा लेबलवरचा पूर्ण पार्ट नंबर जुळवून घ्या, शेवटची अक्षरंसुद्धा, कारण त्याच नावाखाली मधेच चिप बदललेली असते. आणि जीएसटीच्या बिलाचा आजच फोटो काढून मेलवर टाका. ते थर्मल कागदावरचं असेल तर दोन पावसाळ्यांत कोरं होतं आणि वॉरंटीला कोणी उभं करत नाही.